वाळक्या काटकीची कुंडी

एकदा एक वृद्ध वैद्य डोंगरातल्या एका गावी आपल्या शिष्यांसह राहत होते. इतर औषधींबरोबर त्यांनी विजयेची, म्हणजे लोक जिला भांग म्हणतात तिची, रोपेही राखली होती. ही रोपे ते अंगणात कधी लावू देत नसत. थंडीत दव गोठून पाने करपतात, हे त्याचे एक कारण. दुसरे ते स्वतःच हसून सांगत, की बाहेर लावली तर रोगी बरा होण्याआधी गावच डोलू लागेल. म्हणून मधल्या दालनात, पूर्वेच्या खिडकीपाशी, कुंड्या ओळीने मांडलेल्या असत.

त्या वर्षी रोपांची पाने पिवळी पडू लागली. वैद्यांचा एक शिष्य होता; सगळे ग्रंथ त्याला मुखोद्गत होते, पण गुरूंनी त्याला अजून एकाही रोग्याची नाडी पाहू दिली नव्हती. त्याला बोलावून ते म्हणाले, "धान्याच्या व्यापाऱ्याची मुलगी फिकट पडत चालली आहे. तो उद्या दुपारी आपल्याला न्यायला येतो आहे. तोवर या रोपांच्या पिवळेपणाचे कारण तुला सापडले, तर त्याच्याबरोबर तू जायचेस."

शिष्याला आनंदाने काय करू नि काय नको असे झाले. तो कुंड्यांपाशी ठाण मांडून बसला. एकेक पान उलटून पाहिले, उजेडात धरले, वास घेतला. आणि एकदम त्याच्या ध्यानात आले, की पिवळी आहेत ती खालची जून पाने. शेंड्याची कोवळी पाने अजून हिरवी आहेत. खालच्या पानांनी आपले सत्त्व वरच्यांना देऊन टाकले होते! याचा अर्थ रोपे उपाशी होती. तो पाने मुठीत घेऊन गुरूंकडे अक्षरशः धावत गेला आणि धापा टाकतच त्याने निदान सांगितले. कुंड्यांत कुजलेले शेणखत घालायचे, वर राखेचे पाणी द्यायचे, असा उपचारही त्याने ठरवून टाकला होता.

वैद्यांनी ऐकून घेतले. चूक म्हणाले नाहीत, बरोबरही म्हणाले नाहीत. ते उठले, तळाला भोक नसलेली एक कुंडी त्यांनी कोरड्या मातीने भरली, सरपणातली एक वाळकी काटकी तिच्यात रोवली आणि ती कुंडी रोपांच्या ओळीत मधोमध नेऊन ठेवली. "हिला काही खायला घालू नकोस," एवढेच ते म्हणाले.

शिष्य पार गोंधळला. उद्या नाडी हाती येणार म्हणून आजची झोप उडालेली, आणि गुरुजी काटक्या पेरत बसले आहेत! वयाचा परिणाम असावा, असेही त्याच्या मनात येऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळ उजाडली तीच गडबडीने. स्नान करून सूर्याला अर्घ्य दिलेले ज्येष्ठ शिष्य आले. अर्घ्याचे उरलेले पाणी औषधींना घालायचे, अशी तिथली जुनी रीतच होती. त्यांनी काटकीकडे पाहून हळहळ केली आणि तिला इतरांपेक्षा अंमळ जास्तच पाणी घातले. स्वयंपाकीणबाई तांदळाचे धुवण घेऊन आल्या. दारात थांबलेल्या एका म्हाताऱ्या रोग्यानेही हात धुता धुता ओंजळ रिकामी केली; औषधाच्या झाडाला पाणी घातले की पुण्य लागते, असे तो म्हणत असे. दालनातून जो गेला तो काही ना काही ओतून गेला.

व्यापारी आल्यावर वैद्यांनी शिष्याला त्या कुंडीपाशी बोलावले. काठोकाठ पाणी भरले होते आणि काटकी आडवी होऊन त्यावर तरंगत होती. शिष्य बघतच राहिला. मग त्याला आठवले आणि त्याचा चेहरा उतरला. सकाळी घाईत ओळीने पाणी घालताना त्याने स्वतःही काटकीला तांब्याभर पाणी घातले होते.

वैद्यांनी शेजारचे एक रोप मातीसकट अलगद बाहेर काढले. मुळे तपकिरी आणि बुळबुळीत झाली होती, त्यांना कुबट वास येत होता.

"रोप उपाशी आहे, हे तू अचूक ओळखलेस," ते म्हणाले. "पण ताट समोर भरलेले आहे आणि माणूस गळ्यापर्यंत पाण्यात उभा आहे, तर तो जेवणार कसा? तू आणखी वाढायला निघाला होतास. ग्रंथ काय सांगतो? पाहा, स्पर्श करा, विचारा. तू पाहिलेस. मातीला बोट लावले नाहीस, आणि याला रोज कोण काय घालते, हे घरात कोणाला विचारले नाहीस. यात दुष्ट कोणीच नाही रे. सगळ्यांची माया आहे, आणि प्रत्येकाला वाटते आपणच एकटे घालतो."

आता आपले जाणे राहिले, असे शिष्याला वाटले. तेवढ्यात वैद्यांनी औषधांची पिशवी त्याच्या खांद्याला अडकवली आणि ते रोपाची मुळे निवडायला बसले.

व्यापाऱ्याच्या घरी मुलगी भिंतीला टेकून बसली होती. चेहरा हळदीसारखा, नखे पांढरट. पांडुरोगाचे सारे श्लोक शिष्याच्या ओठांवर दाटून आले. त्याने तिची नाडी पाहिली, डोळ्यांची पापणी ओढून पाहिली. पिशवीच्या गाठीकडे गेलेला हात मात्र त्याने मागे घेतला.

"हिला सध्या कोण कोण काय देते?" त्याने विचारले.

आई म्हणाली, कुठे काय, सकाळी एक काढा तेवढा. आजी म्हणाली, आणि माझे चूर्ण. मग आत्या आली, तिने बैराग्याची पुडी सांगितली. शेजारीण दारातूनच म्हणाली, मी आपली कोरफड पाजते. सगळ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. मुलगी पहिल्यांदाच हसली.

शिष्य खाली मांडी घालून नीट बसला आणि म्हणाला, "सगळे आणून माझ्यासमोर ठेवा." पिशवीची गाठ त्या दिवशी त्याने सोडलीच नाही.