काहिलीतून निघालेली सुईण

एका गावात धुळाप्पा नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे कसा? चुलीवरचा भात बघत बस म्हटलं, तर भाताचा कोळसा होईपर्यंत नुसता बघत बसला. बघायलाच सांगितलं होतं ना!

एका साली नदीला असा पूर आला, की पलीकडची वाडी सगळी पाण्यात गेली. वाडीतली वीसेक माणसं शाळेच्या गच्चीवर चढून बसली. खाली वर्ग बुडाले, पाणी गच्चीच्या कडेला टेकलं. त्या माणसांत होती शेवंता, नऊ महिने भरलेली. तिची आई आवडाक्का अलीकडच्या काठावर, उंचावरच्या गुऱ्हाळात. आवडाक्कानं तिथंच चूल मांडली, गावाकडनं पीठमीठ गोळा केलं, आणि गच्चीवर धाडायला लागली.

पण धाडायचं कशातनं? सरकारी नाव दोन गावं पलीकडं अडकलेली. मग गुऱ्हाळातली काहील काढली. उसाचा रस कढवायची कढई ती, बैलगाडीएवढी गोल. पाण्यात टाकली की भोवऱ्यासारखी जागच्या जागी फिरायची. गावातल्या चार शहाण्यांनी बसून बघितलं. चौघांनाही घेरी आली, काहील हातभर पुढं गेली नाही. धुळाप्पा बसला, बांबू हाणला, आणि काहील सरळ निघाली. आता काय करता? सगळ्या गावात काहील हाकणारा तेवढा एकच.

आवडाक्का म्हणाली, "ह्या भाकरी ने. आणि शेवंताला सांग, कळा सुरू झाल्या तर लाल लुगडं हलवा. सगुणा सुईण वरच्या वाडीला गेलीया, ती येऊन बसंल हितं."

धुळाप्पानं भाकरी काहिलीच्या बुडात ठेवल्या. बुडात पाणी. गच्चीवर पोचला तेव्हा भाकरीची पेज झाली होती.

आवडाक्कानं कपाळ बडवलं. "अरं मुडद्या, ताडपत्रीत गुंडाळावं, करकचून बांधावं, वर आपण बसावं. म्हंजे भिजत न्हाई, उडत न्हाई."

"बरं अक्का. आता तसंच करतो."

दुसऱ्या खेपेला पोरांच्या दुधासाठी शेळी धाडली. धुळाप्पानं शेळी ताडपत्रीत गुंडाळली, करकचून बांधली, आणि वर बसला. शेळी वाटभर खालनं बोंबलतेय, हा वरनं म्हणतोय, "गप बस, भिजशील." गच्चीवर गाठ सोडली तशी शेळीनं आधी त्याला ढुशी दिली, मग श्वास घेतला.

गच्चीवरचा तात्या गुरव म्हणाला, "लेका, जित्या जिवाला असं नेत्यात व्हय? गळ्यात दावं घालावं, तोंडापुढं पाला धरावा, पाठीवरनं हात फिरवावा, गोड बोलावं."

"बरं तात्या. आता तसंच करतो."

तिसऱ्या खेपेला तालुक्याचे साहेब आले. गच्चीवरच्या माणसांची मोजदाद करायची होती. साहेब काहिलीत बसले. धुळाप्पानं त्यांच्या गळ्यात दावं घातलं. तोंडापुढं शेवग्याचा डहाळा धरला. पाठीवरनं हात फिरवला आणि म्हणाला, "भ्यायचं न्हाई हं, माझी बाय ती. पोचलोच बघ."

साहेबांनी गच्चीवर पाय ठेवल्याबरोबर दावं काढून फेकलं. "मी काय शेळी आहे? सरकारी काम कागदानं होतं! ही घे यादी, ही शाईची डबी. जी वस्तू ज्याच्यासाठी आणलीस, त्याचा अंगठा आधी. अंगठा नाही, तर ह्या गच्चीवर काही उतरवायचं नाही. समजलं?"

"बरं साहेब. आता तसंच करतो."

धुळाप्पा परतला, आणि मागनं गच्चीवर लाल लुगडं हललं.

सगुणामावशी येऊन बसलीच होती. आवडाक्कानं तिला काहिलीत ढकललं. "धुळाप्पा, माझ्या लेकीचा जीव तुझ्या हातात हाय. मावशीला गच्चीवर पोचव."

धुळाप्पानं असा बांबू हाणला, की काहील बाणासारखी गेली. गच्ची हातभर राहिली आणि तो थांबला. यादी काढली.

"सुईण एक. कुणासाठी?"

"अरं, बाळासाठी!" तात्या ओरडला.

"मग बाळाचा अंगठा लावा."

"बाळ कुठं आलंय अजून?"

"मग बाळ आलं की हाक मारा. तवा सुईण आणतो."

सगुणामावशीनं पाय उचलला, तर ह्यानं बांबू आडवा धरला. साहेब धावत कडेला आले. "अरे गाढवा, उतरव तिला! मी लावतो अंगठा!"

"तुमचा कसा चालंल साहेब? सुईण तुमच्यासाठी न्हाई."

शेवंता कळा देतच उठली. आवडाक्काची लेक ती. म्हणाली, "धुळाप्पादादा, चढायला अंगठा लागतो का रं?"

धुळाप्पानं डोकं खाजवलं. "चढायचं काय बोलले न्हाईत साहेब."

त्यानं काहील गच्चीला लावली, शेवंता चढली, आणि काठाकडं निघाले. निम्म्या वाटेतच पोरीनं जन्म घेतला. असा टाहो फोडला, की दोन्ही काठांना ऐकू गेला. मावशीनं नाळ कापली, बाळ लुगड्यात गुंडाळलं, शेवंताच्या कुशीत दिलं. धुळाप्पानं हळूच शाईची डबी उघडली आणि यादीवर पोरीचा अंगठा घेतला. तुरीच्या दाण्याएवढा उठला.

काठ दहा हात राहिला. आवडाक्का कमरेएवढ्या पाण्यात हात पसरून उभी. धुळाप्पानं यादी बघितली, आणि काहील गर्रकन माघारी फिरवली. आवडाक्का ओरडतेय, मावशी शिव्या घालतेय, शेवंता रडावं की हसावं अशी. हा आपला बांबू मारतोय.

बऱ्याच वेळानं काहील परत आली. आवडाक्कानं लेकीला मिठी मारली, नातीला छातीशी धरलं, मग काहिलीत वाकून बघितलं.

"अरं, सगुणा कुठाय?"

"गच्चीवर, साहेबांच्या शेजारी," धुळाप्पा म्हणाला, आणि यादी पुढं केली. "पोचवली. अंगठा बघून घ्या."