नखांची गोळी

“म्हणजे बाबांच्या हृदयाला धोका आहे?” त्यांच्या शिष्यानं, विश्वंभरनं विचारलं.

नदीकाठच्या त्या मठात, ऐंशी ओलांडलेल्या सोमभारती बाबांची नाडी डॉ. नाझनीन शेख यांनी पुन्हा हातात घेतली...

रक्ताचा रिपोर्ट म्हणत होता, थायरॉइड वाजवीपेक्षा जास्त काम करतोय. या वयात ते हृदयाला झेपत नाही, हेही खरं. पण नाडी संथ, हात स्थिर, वजन होतं तेवढंच. रिपोर्ट एक सांगत होता आणि बाबांचं शरीर दुसरंच.

“कुठली गोळी चालू आहे का?” त्यांनी विचारलं.

“एकही नाही,” विश्वंभर छातीठोकपणे म्हणाला. बाबांच्या पोटात काय जातं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? इतर शिष्यांना तर तो पाण्याचा तांब्याही पुढे करू देत नसे.

बाबांनी शांतपणे उजवा तळहात त्याच्यापुढे धरला. रोज सकाळी धरायचे, तसाच.

विश्वंभर आधी गोंधळला... मग चपापला.

झोळीतून त्यानं एक बाटली काढली. बाबांची नखं तुटतात म्हणून शहरातून मागवलेली, नखा-केसांची भारीतली गोळी. तिला तो औषध समजतच नव्हता. ती सेवा होती. बाबांच्या डोक्यावर एकही केस नव्हता, ही गोष्ट वेगळी.

डॉक्टरांनी बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं आणि त्यांना हसू आलं. यातल्या बायोटिन नावाच्या जीवनसत्त्वानं रक्ताची तपासणीच फसते, त्या म्हणाल्या. नसलेला आजार रिपोर्टात दिसतो. गोळी बंद ठेवा, आठवड्यानं पुन्हा रक्त तपासू. तोवर थायरॉइडचं औषध नको.

तो आठवडा विश्वंभरला अन्न गोड लागलं नाही. आपल्याच हातानं आपण... हा विचार काही केल्या मनातून जाईना.

दुसरा रिपोर्ट अगदी चोख आला.

विश्वंभरच्या जिवात जीव आला. बाबांच्या पायांशी बसून तो लहान पोरासारखा रडला आणि रडता रडताच हसायला लागला. इतकं हलकं त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

जरा सावरल्यावर त्यानं विचारलं, “बाबा, तुम्हाला ती गोळी नकोच होती. पहिल्याच दिवशी तसं म्हणाला होतात. मग रोज हात पुढे का करत होतात?”

बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“मी गोळी घेतली, की तुला बरं वाटायचं.”