दुधाच्या कराराचं चौथं कलम

विश्वंभरशेठच्या करारातलं चौथं कलम वाचून झालं, आणि नांदूरटेकच्या दूध सोसायटीच्या सभेत सगळे एकमेकांकडे पाहू लागले. कलम असं होतं: सोसायटीने बाराही महिने रोज सारखंच दूध द्यायचं, एक कॅन कमी पडला तरी दंड, आणि शेठच्या दुकानांत जे विकलं जाणार नाही, ते संध्याकाळी सोसायटीने मुकाट्याने परत न्यायचं.

म्हणजे दूध कमी पडलं तरी मार शेतकऱ्याला, उरलं तरी मार शेतकऱ्यालाच.

शेठ जातीने आले होते. त्यांची मोठमोठी दुकानं शहरोशहरी होती. आत शिरताना अंगावर गार वारा यायचा आणि बाहेर पडताना पिशवीत नको त्या वस्तू असायच्या. गावात येताना शेठने स्वतःचं पिण्याचं पाणी बरोबर आणलं होतं, आणि खुर्चीवर स्वतःचा रुमाल अंथरून मगच ते टेकले होते. शेजारी सोसायटीचे चेअरमन दौलतराव. शेठ नुसते खोकले तरी दौलतरावांची मान डोलायची.

"मोठ्या दुकानाची शिस्तच वेगळी," दौलतराव म्हणाले.

"शिस्त कसली? गळफास आहे हा," केरबा मागून म्हणाला. "उन्हाळ्यात म्हशी आटतात. तेव्हा दूध काय विहिरीतून काढायचं?"

"मग नाही म्हणून काय करशील?" तुळशीराम त्याच्यावर उलटला. गावात सगळ्यात जास्त जनावरं त्याचीच. "जुन्या डेअरीने गाडी बंद केली. वासरं पिऊन पिऊन फुगली, उरलेलं दूध ओढ्यात जातंय. शेठ आज उठून गेले की दुसरं कोण येणार आहे तुझ्या दारात?"

दोघंही खरं बोलत होते, आणि खरी पंचाईत तीच होती.

बायकांच्या रांगेत गोजराबाई बसली होती. दोन म्हशींवर तिचं घर चालायचं. दोघांचं बोलणं ती कान देऊन ऐकत होती, पण दौलतरावांच्या डोलणाऱ्या मानेकडे नजर गेली की तिला हसू आवरत नव्हतं. या माणसाच्या गोठ्यात कित्येक वर्षांत शेण पडलं नव्हतं. आता तिथे त्यांची मोटार उभी असायची, आणि दूध सोसायटीचे चेअरमन चहाचं दूध शेजारून आणवायचे.

शेठने हात वर केला. "हे पाहा, म्हैस आटली, ऊन वाढलं, चारा संपला, ही रडगाणी मला ऐकवू नका. सबबी माझ्या दुकानात विकल्या जात नाहीत. सारखं म्हणजे सारखं. या कलमात चूक काय, ते माझ्याच तोंडून वदवा, आत्ता खोडून देतो. आहे कुणाची तयारी?"

दौलतरावांनी सहीसाठी पेनाचं टोपण काढलं.

गोजराबाई पदर सावरून उठली. "शेठ, मला तर कलम पसंत आहे."

केरबाने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्याचाच गोठा विकायला काढला होता.

"शहाणी बाई दिसते," शेठ म्हणाले.

"फक्त त्याखाली एक ओळ घाला. आम्ही रोज सारखं दूध देऊ, तसं तुमच्या दुकानात गिऱ्हाईकही रोज सारखंच आलं पाहिजे. पाऊस असो, सण असो. एक गिऱ्हाईक कमी आलं की दंड तुम्हाला. म्हणजे दूध उरायला नको आणि परत न्यायला नको."

"गोजराबाई, खाली बसा," दौलतराव खेकसले. "कुणापुढे काय बोलावं, ते कळत नाही?"

"बोलू द्या हो," शेठ पाय लांब करत म्हणाले. "तेवढीच करमणूक. बाई, तुम्ही मोठं दुकान लांबून तरी पाहिलंय का? पाऊस लागला की लोक घराबाहेर पडत नाहीत. सुट्टी लागली की गावाला जातात. कधी पोरांची परीक्षा, कधी कुणाचं लग्न..."

"या सबबी झाल्या, शेठ," गोजराबाई शांतपणे म्हणाली.

सभेत खसखस पिकली. शेठचे कान लाल झाले. पाय आपोआप आत आले.

"सबबी कसल्या? गिऱ्हाईक म्हणजे जिवंत माणूस आहे. त्याच्या मनात आलं तर येईल, नाही तर नाही. मी काय त्याला दावणीला बांधून ठेवलंय?"

"नाही ना? म्हणून ते तुमचं ऐकत नाही," गोजराबाई म्हणाली. "आमची म्हैस तर दावणीला बांधलेली आहे, शेठ. तीसुद्धा ऐकत नाही."

केरबा असा हसला, की त्याची टोपी मांडीवर पडली, आणि पाठोपाठ सगळी सभा हसू लागली. दौलतराव तेवढे थांबले होते. हसायचं की रागवायचं, हे ते शेठच्या चेहऱ्यावर शोधत होते. शेठने ओठ घट्ट मिटून पाहिले, पण पोट काही ऐकेना. ते हलायला लागलं आणि शेवटी शेठ डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"वदवलंत, बाई. माझ्याच तोंडून वदवलंत." त्यांनी दौलतरावांच्या हातातलं पेन ओढून घेतलं आणि कलमावर आडवी रेघ मारली. "ज्या दिवशी जेवढं निघेल तेवढं दूध नेईन. नेलेलं परत पाठवणार नाही. आता बक्षीस मागा."

"गावात दूध गार ठेवायचं यंत्र द्या."

"स्वतःसाठी काहीतरी मागा हो."

"हे माझ्यासाठीच. माझ्या म्हशींचं दूध गावाबाहेर नासतं की काय?"

शेठ पुन्हा हसले आणि यंत्र कबूल करून गेले.

पुढे ते आलंही. फीत दौलतरावांनी कापली, भाषण दौलतरावांनी केलं, फोटोही त्यांचाच निघाला. यंत्राची किल्ली मात्र शेठने, दौलतरावांनी पुढे केलेल्या हाताला वळसा घालून, गोजराबाईच्या हातात ठेवली.