खाऱ्या पाण्यावरची साय

प्राणी बोलत होते तेव्हाची गोष्ट. सकाळी बरोबर सव्वासात वाजता ढवळी शेळीचं करडू आचळाला तोंड न लावताच खाली बसलं. पोट नगाऱ्यासारखं, पाय काडीसारखे!

ढवळीनं त्याची लेंडी पानात घेऊन साऱ्यांची दुखणी तपासणाऱ्या बगळेमामांना गाठलं. मामांनी कणभर लेंडी साध्या पाण्याच्या थेंबात कालवून एक डोळा मिटून पाहिली.

"जंतांची अंडी नाहीत. उगाच जीव टांगणीला लावतेस, बाई!"

ढवळी निर्धास्त होऊन निघाली. वाटेत मिठागरातल्या खेकडीमावशीनं हटकून सगळं ऐकून घेतलं. "अगं, एवढ्याशा कणात काय दिसणार? उरलेली लेंडी माझ्या खाऱ्या पाण्यात कालव, नि जरा थांब. खारं पाणी जड, त्यात हलकी अंडी वर तरंगतात."

घाण तळाला बसली आणि वर... अगं आई गं! पाण्यावर अंड्यांची साय धरली होती.

"पण मामा नाही म्हणाले होते!" ढवळी ओरडली.

"त्यांच्या थेंबात नव्हती गं. लेकराच्या पोटात होती."

बगळेमामांनी येऊन पाहिलं, तर त्यांची चोच उघडीच राहिली.

जंतांवरचा कडू पाला थुंकत, गिळत करडू अखेर आचळाला लागलं. तेव्हापासून ढवळी दिसेल त्या आईला अडवते, "लेकरू सुकतंय ना? मग एका थेंबावर विसंबू नकोस, बाई. आणि शेजारणीलाही सांग."