हळदीची साक्ष

एका गावात मानाजी नावाचा साबणवाला राहत होता. लाकडाच्या राखेचा खार काढायचा, तो तेलात कढवायचा आणि साबणाच्या वड्या पाडायच्या, हा त्याचा धंदा. माणूस मेहनती, मनाने सरळ. पण आपल्या साबणाचा त्याला भारी अभिमान. "अंग धुतल्यावर बोट फिरवलं की करकर वाजलं पाहिजे," असं तो म्हणायचा. लोकांनाही तेच पटे. साबण जितका चुरचुरेल तितका मळ निघाला, असा सगळ्यांचा समज. म्हणून मानाजी दरसाल खार थोडाथोडा वाढवीत गेला.

त्या वर्षी त्याच्या सुनेला, पारूला, मुलगी झाली. घरातली पहिलीच नात. मानाजीने तिच्यासाठी पांढऱ्याशुभ्र वड्या केल्या आणि भिवराबाईच्या हाती दिल्या. भिवराबाई गावातल्या बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालणारी म्हातारी.

"साबणवाल्याची नात आहे, मावशी. रोज दोनदा साबण लावा," मानाजी म्हणाला.

भिवराबाईला ते रुचलं नाही. पण घर त्याचं, नात त्याची. ती सांगितल्याप्रमाणे साबण लावू लागली.

पंधरा दिवसांत बाळाचं अंग लाल झालं. मग कोरडं पडून भेगाळलं. काखेत आणि मांडीच्या सांध्यात पुरळ उठलं. कुणी जवळ घेतलं तरी पोर कळवळायची. शेजारणीने दृष्ट काढली. कुणी विहिरीच्या पाण्याला बोल लावला. पारूच्या डोळ्यांचं पाणी खळेना.

"मळ राहत असेल," मानाजी म्हणाला. "आणखी साबण लावा."

तेव्हा भिवराबाईने वडी खाली ठेवली. "मानाजी, आता माझा हात चालायचा नाही. पोरीला तुझा साबण बाधतोय."

मानाजी संतापला. "वीस वर्षं सगळं गाव हा साबण लावतंय, मावशी. कुणाची कातडी गळून पडली?"

भिवराबाईने वाद घातला नाही. तिने एक फडकं हळदीच्या पाण्यात बुडवलं आणि त्यावर ओली वडी घासली. पिवळं फडकं तिथे लालभडक झालं. मग तिने त्या डागावर ताक शिंपडलं. लाली उतरली, पिवळा रंग परत आला.

"हा लाल रंग तुझ्या खाराचा," ती म्हणाली. "आणि ताकाच्या आंबटपणाने तो मोडला. आपली कातडीही किंचित आंबट असते, बाबा. जिभेला कळणार नाही इतकीच. पण तेवढ्यानेच ती ओल धरून ठेवते आणि रोगराईला बाहेर अडवते. तू मळाबरोबर तिचं ते कवचच धुऊन काढतोस. मोठ्यांचं परत भरून येतं. हिचं तर अजून नीट धरलंही नाही."

आंबट-खाराचं हे माप काढायला आज पीएच नावाची मोजपट्टी आहे. भिवराबाईजवळ हळद होती.

पारू हात जोडून म्हणाली, "मामंजी, आठच दिवस मावशींचं ऐकू या."

मानाजीने वड्या उचलून आत नेल्या. त्या दिवसापासून बाळाला नुसत्या कोमट पाण्याने अंघोळ, आणि अंग टिपून वर खोबरेल तेलाचा हलका हात. चौथ्या दिवशी लाली ओसरली. आठव्या दिवशी भेगा मिटल्या. पोर आजोबांच्या मांडीवर झोपेत हसली.

मानाजी मात्र हसू शकला नाही. दुसऱ्या दिवशी बाजार होता आणि घरात वड्यांची रास तयार होती. नातीला काय बाधलं, हे घराबाहेर भिवराबाईशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. गप्प राहिलं तर कोण विचारणार होतं? पण विचार करता करता त्याला गावातले भेगाळलेले हात आठवले. ते थंडीने होतं, असंच तो आजवर समजत आला होता.

बाजारात त्याने रास मांडली आणि मोठ्याने सांगितलं, "मंडळी, हा साबण कपड्यांना घ्या. अंगाला लावू नका. खार जास्त घालत आलो, ही चूक माझी."

लोक हसले. एक जण म्हणाला, "स्वतःच्याच मालाला नावं ठेवणारा वेडा आज पाहिला!" मानाजीने मान खाली घातली, पण शब्द मागे घेतला नाही.

मग तो कामाला लागला. खार कमी केला, तेल वाढवलं, वड्या महिनाभर मुरू दिल्या. प्रत्येक खेपेला हळदीच्या फडक्यावर परीक्षा घेतली. तीन घाणे फुकट गेले. चौथ्या वेळी फडकं लालभडक न होता नुसतं तांबूस झालं. तो साबण अंगाला चालण्याजोगा होता, तरी विकताना तो बजावायचा, "थोडाच लावा, पाणी भरपूर घ्या आणि तान्ह्या बाळाला लावूच नका."

दोन महिन्यांनी भांडी घासणारी ठकूबाई त्याच्या दारी आली. तिने दोन्ही तळहात पुढे केले. नव्या साबणाने त्यांवर एकही भेग उरली नव्हती.

"मानाजीदादा," ती म्हणाली, "माझं लेकरू आता माझा हात गालावर ठेवून झोपतं. आधी टोचतो म्हणून ढकलून द्यायचं."

मानाजीने डोळे पुसले आणि पुन्हा चुलीपाशी जाऊन बसला.

तात्पर्य: स्वच्छतेलाही माप असावे, शरीराचे रक्षण करणारे कवचच धुऊन काढील ती स्वच्छता नव्हे. आणि आपली चूक कळताच जो ती चारचौघांत कबूल करतो, त्याच्याच हातून पुढे लोकांचे भले होते.