खरवडलेला द्राक्षमळा

एका राज्यात ओदोमार नावाचा राजा राज्य करी. त्याची राणी मोठी भाविक. पण तिला अक्षरओळख नव्हती. म्हणून तिने एदिता नावाच्या मठवासिनीकडून चित्रांचा प्रार्थनाग्रंथ करवून घेतला. चर्मपत्रावर पवित्र शास्त्रातल्या कथा उमटल्या. आकाश गर्द निळे, देवदूत सोन्याच्या वर्खाचे.

एका पानावर प्राचीन काळचा लोभी राजा होता. द्राक्षमळ्यापायी त्याने एका गरिबाला दगडांनी ठार करविले, ती कथा. पान पाहताच ओदोमार संतापला. त्यानेही ब्रिजिदा नावाच्या विधवेचा मळा बळकावून तिला तुरुंगात टाकले होते.

"खरवडा हे पान!"

"महाराज, ही कथा मी रचली नाही," एदिता कडाडली. "लाज वाटत असेल तर मळा परत करा. चित्रावर सुरी कशाला?"

राजाच्या जादूगाराने मंतरलेली सुरी चालवली. चित्रातला मळा गेला, मारला गेलेला गरीबही गेला. रंगांचा चुरा प्रार्थनामंदिराच्या भुईवर सांडला. तोच पानाच्या समासात रंगवलेला कावळा पंख झटकून उठला आणि तुळईवर बसून बोलला, "राजा, चित्रातले दगड आता तुझ्या ताटात."

त्या दिवसापासून राजाचा प्रत्येक घास तोंडात खडा होई. जादूगाराचे सारे मंत्र फुकट गेले. राजा भुकेने खंगला; अखेर कावळ्यापुढे वाकला.

"तीन कामे कर," कावळा म्हणाला. "मळ्याभोवतीची तुझी भिंत पाड. विधवेच्या बेड्या काढ. देवापुढे अपराध सांग."

राजाने भिंत पाडण्यास सैनिक धाडले. पाडलेली भिंत पुन्हा उभी राहिली. मग तो स्वतः गेला. हात सोलवटले, तेव्हा ती पडली. बेड्याही त्याने स्वहस्ते काढल्या.

प्रार्थनामंदिरात सारी प्रजा जमली. राजा पुटपुटला, "माझ्याकडून... मळा घेतला गेला."

एदिता ताडकन उठली. "घेतला गेला? आपोआप? काय केलेत ते सांगा!"

राजाची मान खाली गेली. "चोरला. मी चोरला."

भुईवरचे रंग उठून पानावर बसले. कावळा समासात परतला. राणीने पुढे केलेला भाकरीचा तुकडा राजाच्या तोंडात भाकरीच राहिला.

राजा ब्रिजिदेपुढे आला. "बाई, क्षमा कराल?"

"ते पुढचे पुढे. माझ्या वेली कित्येक हंगाम छाटलेल्या नाहीत. वाट सोडा."

राजाने वाट सोडली.