माडांवरची वाट

ऐका हं. खूप खूप वर्षं झाली या गोष्टीला. आज ज्यांना फिलिपिन्स म्हणतात, त्या दूरच्या बेटांवर एक गाव होतं. गावात माणसं कमी आणि माड जास्त. माडाची पोय, म्हणजे फुलोऱ्याचा कोंब, छाटायची, तिला वेळूची नळी बांधायची, नळीत साचलेला गोड रस सकाळी उतरवायचा आणि त्याचा गूळ करायचा. सगळं गाव यावरच जगायचं.

आता रोज पन्नास माड चढायचे-उतरायचे म्हणजे कंबरेचे तीन तेराच! म्हणून त्या लोकांनी माडांच्या शेंड्यांवरूनच वाट केली होती. एका माडापासून दुसऱ्या माडापर्यंत दोन वेळू आडवे बांधलेले. खालच्यावर पाय ठेवायचा, वरचा हाताने धरायचा. खाली तीस हात नुसती पोकळी. शेजाऱ्याच्या माडांपर्यंतही अशी वाट असायची, म्हणजे एखादा आजारी पडला तर दुसरा जाऊन त्याच्या नळ्या उतरवायचा. आपल्या टोकाची गाठ ज्याने त्याने बांधायची. पाऊल टाकण्याआधी हाक द्यायची, "बांधली का?" पलीकडून "बांधली!" आलं की निघायचं. त्या एका शब्दावर माणसं जीव सोपवायची.

या गावात बेरोंग नावाचा एक माडी काढणारा होता. कामाला वाघ, पण स्वभाव भारी संशयी. एके दिवशी त्याला शेवटच्या रांगेतल्या नळ्या अर्ध्याच भरलेल्या दिसल्या. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. त्या रांगेच्या पलीकडे आंदोयचे माड होते. झालं! बेरोंगच्या डोक्यात आंदोय शिरला तो शिरलाच.

आंदोय शीळ घालत आला की बेरोंगला वाटायचं, बघा, कसा खुशीत आहे. आंदोय गप्प असला की वाटायचं, मन खातंय चोराचं. एकदा तर आंदोयने सरळ विचारलं, "काय रे बेरोंग, तुझ्या नळ्या भरतात का नीट?"

"भरतात की! न भरायला काय झालं?" बेरोंग तुटकपणे म्हणाला. घरी येऊन बायकोला म्हणाला, "लुमिंग, पाहिलंस? मला कळलंय का, याचा अंदाज घेतोय लेकाचा!"

लुमिंग चुलीवरचा रस ढवळत होती. "अहो, एखादं जनावर पीत असेल. आंदोय कशाला चोरेल? तुम्ही तापाने पडला होतात तेव्हा महिनाभर आपल्या नळ्या कुणी उतरवल्या?"

"तेव्हाच तर त्याला चटक लागली!" बेरोंग म्हणाला.

शेवटी एका संध्याकाळी बेरोंग माडावर चढला. आंदोयकडून येणाऱ्या वाटेची आपल्या टोकाची गाठ त्याने सोडली आणि वेळू नुसते झावळ्यांत अडकवून ठेवले. मनाला समजावलं, साव असेल तो विचारून येईल, मी सांगेन बांधलेली नाही म्हणून. चोर काही विचारून येणार नाही. पडला तर पडला, जरा घाबरेल इतकंच. तीस हातांवरून पडलेला माणूस म्हणे जरा घाबरतो! संशय डोक्यात शिरला की माणूस स्वतःलासुद्धा असं फसवतो बघा.

सकाळी सगळे आपापल्या माडांवर होते. तेवढ्यात आंदोयची आरोळी आली, "बेरोंग! अरे, चोर सापडला! माझ्याही नळ्या पंधरा दिवस अर्ध्याच येत होत्या!" त्याच्या हातात एक नळी होती आणि नळीत डोकं अडकलेलं एक गलेलठ्ठ उदमांजर पाय झाडत होतं. आंदोय हसत सुटला होता. मित्राला चोर दाखवायच्या घाईत तो हाक द्यायचीच विसरला. त्याने पाय उचलला.

बेरोंगने ते पाहिलं. गप्प राहिलो तर आंदोय जाणार, ओरडलो तर सगळ्या गावाला कळणार. शेवटी तो जिवाच्या आकांताने ओरडला, "थांब! बांधलेली नाही!"

आंदोय मागे फिरला, पण त्याचा पाय वेळूला लागलाच. बेरोंगकडचं टोक सुटलं, त्या हिसक्याने आंदोयकडची गाठही तुटली आणि दोन्ही वेळू खाली दगडावर आपटून फुटले. नळीही हातातून निसटली. झावळ्यांत अडकत अडकत ती खाली पोचली, तिच्यातून सुटलेलं उदमांजर झुडपात पळालं. सगळ्या माडांवरची माणसं हातातलं काम सोडून बघत राहिली.

"बेरोंग," आंदोयने झावळी घट्ट धरून विचारलं, "गाठ सुटली की सोडलीस?"

बेरोंगने मान खाली घातली. उत्तर सगळ्यांना कळलं.

त्याला कुणी मारलं नाही, की गावाबाहेर काढलं नाही. दुसऱ्याच दिवशी त्याने नवे वेळू आणले, सुंभाचे तीन तीन वेढे देऊन गाठ मारली आणि मोठ्याने ओरडला, "बांधली!" पलीकडे आंदोय होता. त्याने ऐकलं आणि तो दुसऱ्या माडाकडे वळला.

पुढच्या वर्षी बेरोंग पुन्हा तापाने पडला. त्याच्या नळ्या भरून वाहिल्या, रस आंबून गेला, पण उतरवायला त्या वाटेने कुणी आलं नाही. अंथरुणावरून तो लुमिंगला सांगत राहिला, "जाऊन सांग त्यांना, गाठ पक्की आहे." ती सांगूनही आली. सगळ्यांनी माना डोलावल्या, पण पाऊल कुणीच टाकलं नाही.

तात्पर्य : जो विनाकारण दुसऱ्यावर अविश्वास दाखवतो, त्याच्या खऱ्या शब्दावरही पुढे कुणी विश्वास ठेवत नाही.